गावभर माझंच नाव

देऊळगाव राजात कितीतरी वर्षं रोज सकाळी कोणी ना कोणी म्हणायचंच, "अंबादास गेला." मग शेजारचा म्हणायचा, "आमच्याकडचा तर कालपासूनच गेलेला हाये." माझ्या बायकोनं हे पहिल्यांदा किराणा दुकानात ऐकलं तेव्हा ती साखर तिथंच टाकून घरी धावत आली. मी ओसरीवर बसून पोहे खात होतो. तिनं मला आधी नीट न्याहाळलं आणि मग माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "पोहे कायचे खाता? तिकडे लोक तुमची तेरवी करून राह्यले!"

अंबादास म्हणजे मी, आणि अंबादास म्हणजे मी घरोघरी बसवलेलं वायफाय. दोघांचं नाव एकच. हे असं का केलं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच निघाली.

मी आधी टीव्हीचा केबलवाला. खांबावर चढून वायरी ओढायच्या, पावसात चित्र गेलं की शिव्या खायच्या. पुढे त्याच खांबांवरून काचेची बारीक तार आली आणि मी नेटवाला झालो. प्रत्येक घरात एक राउटर बसवायचा. राउटर म्हणजे बाहेरून आलेलं नेट घरातल्या फोनांना वाटून देणारा डबा. त्या डब्याला एक नाव द्यावं लागतं, ते फोनवर दिसतं, आणि एक पासवर्ड. लोक दोन्ही विसरतात. मी जेवायला बसलो की फोन, "भाऊ, पाहुणे आले, पासवर्ड सांगा ना." अंगाला साबण लावला की फोन. शेवटी वैतागून मी ठरवलं की सगळ्या गावाला एकच नाव आणि एकच पासवर्ड. नाव 'अंबादास'. पासवर्ड एकपासून आठपर्यंतचे आकडे, ओळीनं. कोणाला विसरायची सोयच ठेवली नाही.

एका कॉलेजातल्या पोरीनं मला विचारलं होतं, "काका, हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, "बाळ, देऊळगावात चोरण्यासारखं काय असतं फोनमध्ये? सगळ्याहीच्या गॅलरीत सकाळच्या शुभेच्छा." खरं कारण वेगळं होतं. मी कोणत्याही गल्लीत शिरलो की माझा फोन आपोआप जोडला जायचा आणि वर माझंच नाव यायचं. मला ते फार आवडायचं. उगाच कशाला लपवू?

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. दुसरबीडला एका हॉटेलवाल्यानं तक्रार केली की काउंटरवरसुद्धा नेट येत नाही. जाऊन पाहतो तर गडी दिवसभर फोन पाहतात म्हणून शेठनं राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं. म्हटलं, शेठ, कपाटातून नेट बाहेर कसं येणार? तर म्हणे, "मले वाटलं फक्त गड्याहीचं बंद होईल." हिवरा आश्रमाकडच्या एका मावशींनी राउटरला क्रोशाचं झकास आच्छादन विणलं होतं, चारही बाजूंनी बंद, वर मोत्याची झालर. डबा आतल्या आत तापून बंद पडायचा. मी आच्छादन काढलं तर मावशींनी मला चहा विचारला नाही.

अशा घरांत फिरून फिरून एक गोष्ट मला पक्की कळली होती. गिऱ्हाईक जे पाहिलं म्हणून सांगतं ते खरं धरायचं. त्याचं कारण म्हणून जे सांगतं ते सोडून द्यायचं. हे मी नव्या मेकॅनिकांना छाती काढून शिकवायचो. आणि इंगळेबाईंच्या घरी मीच ते गुंडाळून ठेवलं.

इंगळेबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मी त्यांच्या हाताखाली शिकलो नाही, पण त्यांना गावातला प्रत्येक माणूस आपलाच विद्यार्थी वाटतो आणि त्या तसंच बोलतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला. बाई इथं एकट्या. मागच्या तीन-चार वर्षांत त्यांचे कान हळूहळू गेले, आणि आता मशीन लावूनही फारसं काही कळत नाही. समोर तोंड करून सावकाश बोललं तर ओठांवरून ओळखतात. लांबलचक काही सांगायचं असलं तर हातात पाटी-पेन्सिल देतात. शाळेतली खरी दगडी पाटी. आपण लिहिलं की आधी शुद्धलेखन तपासतात, मग उत्तर देतात.

गल्लीतल्या, खेड्यातल्या बाया त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. पेन्शनचा, रेशनचा, पोरीच्या दाखल्याचा. बाईंचं अक्षर पाहून तहसिलातला बाबूही सरळ बसतो असं बायाच सांगतात. पण कान गेल्यापासून एक झालं. बाया दार वाजवायच्या, आतून कोणी यायचं नाही, आणि त्या तशाच परत जायच्या. दार दिवसभर उघडं ठेवावं तर कुत्री शिरतात.

भादव्यात एक दिवस त्यांच्या शेजारच्या शोभाताई मेथीची जुडी द्यायला गेल्या. शोभाताईंच्या घरी भाजीपाल्याचा मळा, त्यामुळे रोज काही ना काही इकडून तिकडे जातं. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या, खिडकीवर काठी आपटली. काही उत्तर नाही. गल्ली जमा झाली. कोणी रडायलाही लागलं. शेवटी शोभाताईंच्या मालकांनी पहार आणून कडी उचकटली. आत मागच्या खोलीत बाई जुनी पुस्तकं लावत बसल्या होत्या. पंधरा-वीस माणसं घरात पाहून त्या म्हणाल्या, "काऊन रे? दार काऊन तोडलं?"

गल्ली हसली, पण मिलिंदला पुण्यात फोन गेला तेव्हा तो हसला नाही. त्यानं आईला मेसेज लिहून सांगितलं, आता एकटं राहायचं नाही, पुण्याला चलायचं. बाईंनी साफ नाही म्हटलं. दोघांची महिनाभर ओढाताण चालली. मग मिलिंदनंच एक तोड काढली. त्यानं रंग बदलणारे, फोनवर चालणारे दिवे आणि दाराबाहेर चिकटवायचं एक बटण असं सामान पाठवलं. बटण दाबलं की घरातले सगळे दिवे लाल होऊन लुकलुकायचे. म्हणजे बाई कुठल्याही खोलीत असोत, दाराशी कोणी आलंय हे त्यांना दिसणार. हे चाललं तर आई देऊळगावात राहील. नाही चाललं तर दिवाळीआधी पुण्याला. असं मायलेकांचं ठरलं, आणि बसवायचं काम आलं माझ्याकडे.

आता ही भानगड काय असते ते सांगतो. या दिव्यांना नेट थेट कळत नाही. मधे एक पांढरी चौकोनी डबी लागते, तिला ब्रिज म्हणतात. ती वायरनं राउटरला जोडायची. मग फोनमधलं ॲप उघडून ती डबी शोधायची. सापडली की ॲप म्हणतं, डबीवरचं गोल बटण दाबा. ते अर्ध्या मिनिटाच्या आत दाबलं की डबी फोनला ओळखते आणि मग दिवे, दारावरचं बटण सगळं त्यात बसवता येतं. अट एकच. फोन आणि डबी दोघं एकाच राउटरवर पाहिजेत. फोन दुसऱ्याच राउटरवर असला तर तो डबीला जन्मात शोधू शकत नाही, मग ती हातात धरून का बसेना.

बाईंचा राउटर मागे स्वयंपाकघराच्या माळ्यावर. तार तिकडूनच येते. डबी मात्र घराच्या पुढल्या भागात हवी, म्हणून मी माळ्यावरून पट्टीत घालून लांब वायर आणली आणि डबी बैठकीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. वायर कुठं दिसायची नाही असं सुबक काम केलं. खिडकीला लागून सोफा. तिथं बसलो, बाईंचा चहा आला, बाईंचा फोन हातात घेतला आणि ॲप उघडलं. ॲपनं गोल गोल फिरून सांगितलं, ब्रिज सापडला नाही.

म्हटलं, ठीक आहे, पहिल्या झटक्यात कोणतंच काम होत नाही. डबी बंद-चालू केली. राउटर बंद-चालू केला. फोनचं मोबाईल नेट बंद केलं. ॲपला घरातलं नेटवर्क पाहायची परवानगी आहे का ते पाहिलं. होती. फोनवर वायफायचं नाव बरोबर, अंबादास. चारही रेषा भरलेल्या. माळा मागे, मधे दोन भिंती, आणि तरी बैठकीत चार रेषा! तिथंच माझ्या डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती. पण मी मनात म्हटलं, आपली फिटिंगच तशी असते. माझ्या फोनवर करून पाहिलं, तेच. अगदी फोनला राउटरकडून मिळालेला नंबरही पाहिला, डबीच्या नंबरच्या जवळचाच होता. सगळं बरोबर आणि तरी डबी समोर बसून बेपत्ता!

दुसऱ्या दिवशी वायर बदलली. तिसऱ्या दिवशी नवा राउटर आणला आणि सवयीनं त्यालाही तेच नाव, तोच पासवर्ड. काही नाही. मग डबी माझ्या घरी नेली. तिथं पहिल्या दमात सापडली! बायको म्हणाली, "चांगली तर हाये." मी तिच्यावरच डाफरलो.

डबी परत घेऊन गेलो तेव्हा बाईंनी मला एक वही दाखवली. त्यांनी रेघा मारून तक्ता केला होता. कोणत्या खोलीत उभं राहून ॲप लावलं, काय झालं. बैठक, सोफा, नाही. बैठक, खिडकी, नाही. स्वयंपाकघर, सापडली. पुन्हा स्वयंपाकघर, सापडली. फोन घेऊन बटण दाबायला बैठकीत आले, ॲप म्हणते हरवली. असं पाच वेळा.

मी हसलो. पाटीवर लिहिलं, "बाई, डबी बैठकीत आहे. जवळ सापडत नाही आणि लांब गेल्यावर सापडते, असं कसं होईल?"

बाई म्हणाल्या, "कसं होईल ते तुले माहीत पाहिजे. जे झालं ते मी लिहिलं."

"चालता चालता तुमचं बोट लागलं असेल कुठं तरी," असं मी लिहिलं.

वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली. कान गेले म्हणजे अक्कलही गेली असं लोक धरून चालतात, हे त्यांनी पुष्कळ सोसलं असणार. त्या दिवशी मीही त्या लोकांत जाऊन बसलो. हे आज लिहितानाही मला चांगलं वाटत नाही.

खरं तर मला लाज वाटत होती. एवढी वर्षं गावाचं नेट चालवणारा मी, आणि एका साबणाच्या वडीएवढ्या डबीपुढे गुडघे टेकायची वेळ आली. ती लाज झाकायला मी जरा जास्तच खात्रीनं मिलिंदला फोन केला. "तुमच्या घरात हे नाही चालत. भिंती जुन्या, काहीतरी अडचण आहे. सामान परत कर." 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मिलिंद म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता म्हणजे झालं. रविवारी गाडी घेऊन येतो."

त्या दोन दिवसांत बाईंनी खरंच आवराआवर सुरू केली. कढीपत्त्याची, मोगऱ्याची कुंडी शोभाताईंच्या दारात गेली. अर्ज लिहायला आलेल्या बायांना त्या सांगायला लागल्या की आता दुसरं कोणी पाहा. मला रस्त्यात एक बाई भेटली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्यानं ते दिवे झाले नाहीत म्हणते. आता माह्या पेन्शनचं कोण पाहील?"

शनिवारी सकाळी शोभाताईंचा फोन आला. त्यांच्याकडे दिवाळीचा रंग चालू होता. "अंबादासभाऊ, खिडकीतला डबा काढून द्या, रंगारी खोळंबला हाये." गेलो. त्यांचा राउटर खिडकीच्या गजाला बांधलेला. तोही मीच बांधला होता, जागा नाही म्हणून. मी फोनवर क्रिकेटची मॅच लावून फोन कट्ट्यावर टेकवून ठेवला, शिडीवर चढलो, प्लग काढला, तार काढली आणि डबा हातात घेऊन खाली उतरलो. मॅच एकदा अडखळली आणि पुन्हा चालू झाली.

शोभाताई बघत होत्या. "भाऊ, डबा तर तुमच्या हातात हाये. मग ही मॅच कुठून येऊन राह्यली?"

मी फोन उचलला. माझं मोबाईल नेट बंद होतं. वर नाव तेच, अंबादास. रेषा मात्र चारऐवजी दोन. मी राउटरकडे पाहिलं, मग फोनकडे, मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर दोन हातांचा बोळ आणि बोळापलीकडे इंगळेबाईंची खिडकी. कट्ट्यावर ती पांढरी डबी. तिच्यामागे बाई पाठमोऱ्या बसून ट्रंकेत साड्या घालत होत्या.

अरे देवा!

बैठकीतल्या सोफ्यापासून बाईंचा स्वतःचा राउटर दोन भिंतींमागे होता आणि शोभाताईंचा दोन हातांवर. नाव एक, पासवर्ड एक. फोनला कसं कळावं की हा आपला आणि तो शेजारचा? जो जवळ त्याच्याशी तो जोडला जायचा. बाईंचाही आणि माझाही. म्हणजे आठवडाभर मी बाईंच्या सोफ्यावर बसून, बाईंचा चहा पिऊन, बाईंची डबी शोभाताईंच्या घरात शोधत होतो! स्वयंपाकघरात गेलं की शोभाताईंचा राउटर दूर पडायचा, फोन बाईंच्या राउटरवर यायचा आणि डबी सापडायची. बटण दाबायला बैठकीत आलं की पुन्हा गेली. बाईंच्या तक्त्यातली ओळन् ओळ खरी होती. नंबरांनी मला फसवलं म्हणावं तर तेही नाही. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, कारखान्यातून सारखेच नंबर वाटणारे, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

शोभाताईंचा डबा तसाच हातात घेऊन मी पलीकडे गेलो. बाईंनी पाटी दिली. मी लिहिलं, "चूक माझी आहे."

बाईंनी वाचलं. "काय चूक? नुसतं माझी लिहून काय समजते? सविस्तर लिही."

मी लिहिलं. पाटी दोनदा भरली, दोनदा पुसली. बाईंनी सगळं वाचलं, उठून कपाटातून वही आणली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "हाव बाई. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी हसायला नको होतं."

"मंग आता कर," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाईंच्या राउटरचं नाव बदललं. काय ठेवू विचारलं तर म्हणाल्या, "चौथी ब. तो वर्ग मी सगळ्यात जास्त दिवस शिकवला." पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला आणि टाकताना पाठ फिरवली. मी पाहायला गेलो तर म्हणाल्या, "तुले कायले पाहिजे? तू गावभर करशील." मग बैठकीत, त्याच सोफ्यावर बसून, ॲप उघडलं. दोन रेषा होत्या, पण त्या बाईंच्या घरच्या होत्या. चार-पाच सेकंदांत डबी सापडली. बाईंनी उठून गोल बटण दाबलं. पुढचं सगळं तासाभरात झालं. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली.

त्यानंतरची दिवाळी मी गावातल्या घरोघरी जाऊन माझंच नाव पुसण्यात घालवली. प्रत्येकाला नवीन नाव, नवीन पासवर्ड, आणि तो त्याच्याच हातानं कॅलेंडरमागे लिहून ठेवायचा. लोकांनी नाकं मुरडली. आता पुन्हा जेवायला बसलो की फोन येतो. येऊ दे.

पण त्याआधी तो रविवार. शनिवारीच मी मिलिंदला फोन करून सगळं कबूल केलं होतं. तो म्हणाला, "काका, मी रजा टाकली, आईची खोली लावली. मागच्या वेळी पण तुम्ही इतक्याच खात्रीनं बोलले होते. आता मी काय धरू?" म्हटलं, तू ये, स्वतः पाहा, आणि मग तू ठरव.

तो सकाळीच आला, मोठी गाडी घेऊन. मला म्हणाला, "जय भीम काका," पण चेहरा आवळलेला. ट्रंक बैठकीत बांधून तयार होती. बाईंनी ती उघडली नव्हती. मुलाचा निकाल लागायच्या आधी त्यांनी काही गृहीत धरलं नाही. त्या मागच्या खोलीत जाऊन दाराकडे पाठ करून पुस्तक वाचत बसल्या. मिलिंद बाहेर गेला, दार ओढून घेतलं. बोळात शोभाताई आणि अर्ज लिहून घेणाऱ्या दोघी-तिघी बाया उभ्या होत्या. मी आत, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो.

मिलिंदनं बटण दाबलं. खोली लाल झाली, पांढरी झाली, पुन्हा लाल झाली. बाईंनी पुस्तकात बोट घातलं, उठल्या, चालत गेल्या आणि दार उघडलं.

मिलिंद पुन्हा बाहेर गेला. या वेळी बाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. दिवे लुकलुकले. त्यांनी हात पदराला पुसले आणि दार उघडलं.

"आणि लाईट गेल्यावर?" मिलिंदनं मला विचारलं. मी मीटरजवळ जाऊन मेन बंद केला. राउटर, डबी आणि दिवे मी इन्व्हर्टरवर घेतले होते. तिसऱ्यांदा बटण दाबलं. तिसऱ्यांदा दार उघडलं. शोभाताईंनी बोळातून टाळी वाजवली.

मिलिंद चौथ्यांदा बाहेर गेला. दिवे लाल झाले. मला बैठकीतून दिसत होते. पण बाई आल्या नाहीत. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. कोणी आलं नाही. मिलिंदनं दार ढकललं आणि तो धावतच मागच्या खोलीत गेला, त्याच्यामागे मी. माझ्या डोक्यात एकच, डोळ्यांदेखत फसलं सगळं.

बाई खुर्चीवर बसून पुस्तक वाचत होत्या. दिवा अजून लुकलुकत होता.

"आई! दिसलं नाही?" मिलिंद त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून ओरडला.

"दिसलं की. दोनदा दिसलं."

"मग आली काऊन नाही?"

"तूच असशील म्हटलं. सकाळपासून चारदा उठवून राह्यला मले," बाई म्हणाल्या. "पुण्याहून येतो वर्षातून दोनदा, अन् आज एका तासात चारदा आला."

मिलिंदनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि एवढा मोठा बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागला. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला, त्याचा चेहरा वर केला, म्हणजे तो बोलला तर ओठ दिसावेत. पण तो बोलत नव्हता. म्हणून त्याच बोलल्या.

"तू येत जाय, बाळा. दार मी उघडीन."